पाच तासांचा उजेड

"तास सांग! मला तुझी गोष्ट नको आहे, तास सांग!"

वाशीमचा डॉक्टर पाटलांच्या ओसरीवर उभा राहून माझ्यावर ओरडत होता. कमरेपर्यंत चिखल, अंगात कोट, एकाच पायात बूट. दुसरा बूट नाल्याने ठेवून घेतला होता. गावकऱ्यांनी खाटेला सुके भोपळे बांधले, तिच्यावर डॉक्टर, डॉक्टरची पेटी आणि डॉक्टरचा कंपाउंडर बसवला, आणि आठ पोहणाऱ्यांनी ती खाट पुरातून अलीकडे ढकलत आणली. पूर केवढा होता म्हणाल, तर काठावरच्या बाभळीच्या शेंड्यावर घार बसली होती आणि तिनेही पाय वर घेतले होते. हे मी डोळ्यांनी पाहिलं. ज्यांना खोटं वाटायचं ते सगळे आता वारले आहेत, तेव्हा माझंच खरं धरावं लागेल.

मी तेवीस वर्षांचा, पाटलांच्या घरच्या बॅटरीचा मिस्तरी. गाव अनसिंगापासून दोन कोसांवर, मध्ये तो नाला. वर्ष लढाईचं. पोळा काल झालेला, आज त्याची कर. संध्याकाळचे पाच.

आत मधल्या खोलीत पाटील गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. त्यांचा अंतर्गळ जुना होता. दहा वर्षं तो खाली उतरायचा आणि पाटील तो हाताने वर सारून पुन्हा पंगतीला बसायचे. काल पोळ्याच्या तोरणाखाली बैल आवरताना उतरला, तो मात्र परत गेला नाही. रात्रभर ओकाऱ्या, सकाळी पोट नगाऱ्यासारखं. डॉक्टरने पोटावर नुसतं बोट ठेवलं तर त्यांची किंकाळी गोठ्यापर्यंत गेली.

"आतडं आवळलं गेलंय," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला होता. "आज कापलं पाहिजे. उद्या माझं काम नाही, चार खांद्यांचं आहे."

पुरातून पलीकडे नेलं तर वाटेतच प्राण जायचा, म्हणून इथेच कापायचं ठरलं. आणि म्हणून तासांचा प्रश्न. गावात गॅसबत्त्या तीन होत्या, पण डॉक्टर त्यांना जवळ येऊ देईना. भुलीसाठी त्याच्याकडे फक्त ईथर होतं; दुसरं औषध लढाईने गिळलेलं. ईथरची वाफ ज्योतीवर पेट घेते. खोलीत कंदील नको, चिलीम नको, देवापुढची समईसुद्धा विझवा, असं त्याने आल्याआल्या बजावलं होतं.

"नीट ऐक," तो मला म्हणाला. "दिवस अजून दीड तास आहे. तुझ्या दिव्यांची खात्री नसेल तर आत्ताच बोल. त्यांना अंगणात ताडपत्रीखाली घेतो आणि घाईघाईत का होईना, उजेडात उरकतो. खात्री असेल तर हत्यारं नीट उकळतो, खोलीत घेतो, सावकाश करतो. अडीच तास लागतील. चार दिवे, सलग. मध्येच गेले तर उघडं पोट माझ्या हातात आणि काडी ओढायची सोय नाही. आता बोल. किती तास?"

अर्धं गाव अंगणात उभं होतं. दाराशी पाटलीणबाई उभ्या होत्या, पदराचं टोक दातात धरून. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. माझ्या तोंडाकडे पाहायची त्या गावाला सवयच होती.

का, ते सांगतो. पाटलांनी ही बिजली वाशीमच्या एका कापसाच्या जिनवाल्याकडून जुनी विकत घेतली होती. एक तेलाचं इंजिन, त्याला जोडलेला डायनामो, आणि सोळा काचेच्या बरण्या. लोणच्याच्या मोठ्या बरणीएवढी एकेक. आत शिशाच्या पट्ट्या आणि तेजाब. दिवसा इंजिन चालवून बरण्या भरायच्या, संध्याकाळी इंजिन बंद करून घर बरण्यांवर चालवायचं. पण लढाई लागली आणि तेल परमिटावर गेलं. या महिन्याचं पिंप अनसिंगला येऊन पडलेलं, मध्ये नाला फुगलेला, आणि इंजिन पोळ्याच्या सकाळी बरण्या भरल्या तेव्हापासून कोरडं ठाक. बरण्यांत जेवढं होतं तेवढंच होतं.

जेवढं म्हणजे किती, हे कळायला खरं साधन एकच. रबरी फुग्याची काचेची नळी असते, आत एक तरंगता मणी. बरणीतलं तेजाब नळीत ओढायचं. मणी वर तरंगला तर बरणी भरलेली, बुडाला तर रिकामी. लहान पोराला जमेल असं काम. पण लहान पोराला जमेल अशा कामाला लोक मिस्तरी म्हणत नाहीत. म्हणून मी काय करायचो, सकाळी दार लोटून गुपचूप नळी पाहून ठेवायचो, आणि संध्याकाळी चार माणसं जमली की एका बरणीच्या दोन तारा जिभेला लावायचो. डोळे मिटायचे, मान हलवायची, आणि सांगायचं, "आज साडेसहा तास." दिवे बरोबर साडेसहा तासांनी मंद व्हायचे आणि लोक पाटलांच्या ओसरीवर तोंडात बोटं घालायचे.

माझ्या जिभेची कीर्ती रिसोडपर्यंत गेली. मोटारवाले आपल्या बॅटऱ्या डोक्यावर घेऊन चाखवायला आणू लागले. एकाच्या बॅटरीवरून मी सांगितलं की हा काल सासऱ्याशी भांडला आहे, आणि तो खरंच भांडलेला निघाला. त्याचा गाल सुजलेला होता ही गोष्ट वेगळी.

मग नागपंचमीच्या आठवड्यात नळी माझ्या हातून निसटली आणि फरशीवर फुटली. दुसरी मुंबईहून मागवावी लागणार. लढाईत ती कधी येईल याचा भरवसा नाही. आणि मागवायची म्हणजे आधी पाटलांना सांगायचं की जीभ नुसतं सोंग होतं. मी काचा पायाने बरण्यांमागे सारल्या. दोन दिवसांनी पाहतो तर तिथे काचा नव्हत्या. उंदरांनी नेल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं. मी लोकांना ज्या थापा मारायचो त्यांच्या मानाने ही फारच साधी होती, पण मी ती लगेच मानली.

त्यानंतर महिनाभर मी नुसत्या जिभेवर चालवलं. दिवे कधी आधी गेले तर म्हणायचो, हवा दमट आहे. हवा दमटच होती, श्रावणात दुसरी कुठली असणार.

आणि मग पोळा. पाटलांच्या मनात आलं, यंदा बैलांना बिजली दाखवायची. "माणसाईनं पाह्यली, ज्याईच्या जिवावर घेतली त्याईनं नाई पाह्यली," ते म्हणाले. मला ते फार आवडलं. मी गोठ्यापर्यंत तार ओढून दोन लहान दिवे टांगले आणि पोळ्यासाठी रिठदला घरी जायला निघालो. जाताना पाटलांनी विचारलं, "मिस्तरी, किती वेळ जाळू?"

"जाळा उजाडेस्तोवर," मी म्हणालो. "तुमच्या बरण्या म्हणजे सोळा बैल आहेत, पाटील. एका रात्रीनं काय थकतात?"

घरी पुरणपोळीची घाई होती. जिभेला तारसुद्धा लावली नाही.

करीच्या दिवशी दुपारी परतलो. अनसिंगच्या बाजूनं नाला बंद, म्हणून वरच्या अंगाने, गाडी किंवा खाट जाणार नाही अशा पायवाटेने तीन कोसांचा फेरा घालून आलो, तर ही दशा.

आता डॉक्टर पुढे उभा आणि गाव मागे. मी बॅटरीच्या खोलीत गेलो. माझ्यामागे पाटलांचा मोटकरी बुढा आला. विहिरीवर मोट हाकण्यात त्याचे चाळीस पावसाळे गेले होते. हात दोरासारखे, बोलणं कमी. तो बरण्यांपुढे उकिडवा बसला आणि काचेतून आत पाहू लागला.

"मिस्तरी, रातभर गोठ्यात जळून राह्यले होते दिवे. पार कोंबडा आरवेपर्यंत."

"माहीत आहे. धरलंय हिशोबात."

धरलं होतंच. बरणीवर चाळीसचा आकडा होता. म्हणजे एक माप बिजली चाळीस तास, नाहीतर पाच मापं आठ तास. गोठ्यातल्या दोन लहान दिव्यांनी रात्रभरात चौदा मापं प्यायली असतील. राहिली सव्वीस. डॉक्टरचे चार मोठे दिवे तासाला पाच मापं घेणार. सव्वीसला पाचाने भागा. पाच तास आणि वर थोडे. शाळेतल्या मास्तरने पाठ थोपटली असती.

"हा तळाशी काय हाय?" बुढ्याने काचेवर बोट टेकवलं. पट्ट्यांची झड खाली साचली होती, चार बोटं काळपट चिखल.

"गाळ आहे. जुन्या बरणीत असतोच."

"मंग हिशोब गाळाच्या वरून कर ना. आमी विहीर मोजतो तं दोर गाळात जाऊ देत नाई. अन् वरून पाणी दिसते म्हून किती हाय ते समजत नाई, बाप्पा. मोट लाव, घटकाभर ओढ, मंग पाह्य पाणी कसं उतरते. चारी दिवे लावून पाह्य अगुदर."

बोलणं सोन्यासारखं होतं. आकडा नव्या बरणीचा होता. या बरण्या जिनवाल्याकडे पाच वर्षं आणि आमच्याकडे तीन वर्षं राबलेल्या. अर्धा आकडा पट्ट्यांवरून झडून तळाशी बसलेला मला काचेतून दिसत होता. चार दिवे लावून घटकाभर पाहिलं असतं तर शेवटी त्यांचा उजेड किंचित उतरलेला जाणत्या डोळ्याला कळला असता. आणि अंगणात उजेड अजून होता.

पण दारात माणसं डोकावत होती. एकजण म्हणाला, "अरे मिस्तरी, जीभ लाव ना!"

"बाबा," मी मोटकऱ्याला म्हणालो, "तुमी बैलाच्या शेपट्या पिळा. ही बिजली हाय, हिले शेपूट नसते."

लोक हसले. बुढा उठला आणि बाजूला झाला. मी दोन तारा उचलल्या, डोळे मिटले, जिभेला लावल्या. चटका बसला, आंबट, नेहमीसारखाच. आता मला माहीत आहे, मरायला टेकलेली बरणीसुद्धा जिभेला तेवढाच चटका देते. तिची ताकद ओझं ठेवल्यावर कळते. तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणायची सोय आहे. अर्धं माहीत होतं.

मी ओसरीवर आलो आणि म्हणालो, "पाच तास."

डॉक्टरने माझ्याकडे नीट पाहिलं. "नक्की?"

"पाचाला कमी पडले तर माझी जीभ कापा."

पाटलीणबाईंनी दातातला पदर सोडला. डॉक्टर कंपाउंडरला म्हणाला, "पाणी उकळायला ठेव. खोलीत घेऊ."

सहा वाजता दिवे लागले. टेबल म्हणजे न्हाणीघराचं काढलेलं दार, दोन पेट्यांवर टाकलेलं. चार दिवे मी आडव्या बांबूला टांगले होते. असा उजेड त्या खोलीत कधी पडला नसेल. कोनाड्यातल्या कोळ्याचे पाय मोजता येत होते. कंपाउंडर पाटलांच्या नाकावर जाळीची कापडी टोपी धरून थेंब थेंब ईथर सोडत होता. पाटील आधी शिव्या देत होते, मग आकडे मोजत होते, मग गप्प झाले. मी भिंतीला पाठ लावून उभा. बांबू हलवावा लागला तर माझं काम.

डॉक्टरचा हात चांगला होता. तो कापता कापता स्वतःशी बोलायचा. "हं. आलं. हे बघ, काळं पडलंय. एवढं काढावं लागेल."

सात वाजायच्या आधी मला पहिल्यांदा वाटलं की चादर पिवळी दिसते. मी स्वतःला सांगितलं, ईथरने डोळे चुरचुरतात. मग डॉक्टरच्या हाताची सावली मऊ झाली. मग चारही दिवे सोनेरी झाले, लग्नघरात दिसावेत तसे सुंदर.

"काय होतंय?" डॉक्टर मान वर न करता म्हणाला.

मी बांबू खाली घेऊन दिवे पोटाच्या आणखी जवळ आणले.

सोनेरीचे तांबडे झाले. काचेत नुसती लाल तार दिसू लागली, चुलीत विसरलेल्या काडीसारखी, आणि खोलीतलं सगळं त्या तारेकडे सरकून नाहीसं झालं. दिवे लागून सव्वा तासही झाला नव्हता.

"दिवा!" डॉक्टर ओरडला. "अरे, दिवा! आतडं उघडं आहे माझ्या हातात!"

बाहेरून कोणीतरी गॅसबत्ती घेऊन दाराशी धावलं आणि डॉक्टर त्याहून मोठ्याने ओरडला, "मागे! मागे हो! जाळतोस का सगळ्यांना!" ईथरचा वास उंबऱ्याबाहेरसुद्धा येत होता. बत्तीवाला वीस पावलं पळाला आणि अंगणाच्या टोकाला जाऊन थांबला. तिथून तिचा उजेड खिडकीच्या गजांपर्यंत कसाबसा पोचायचा.

युक्ती मोटकऱ्याची. त्याने बत्ती अंगणापलीकडच्या कडुलिंबाच्या फांदीला उंच टांगली आणि स्वयंपाकघरातून पितळी परात आणवली, कालच पोळ्यासाठी चिंचेने घासलेली. परातीत बत्तीचा उजेड घ्यायचा आणि खिडकीतून आत टेबलावर फेकायचा. परात धरली पाटलीणबाईंनी. दुसरं कोणी पुढे होईना म्हणून नाही. चौघेजण पुढे झाले होते. त्या म्हणाल्या, "सरका," आणि धरली.

ताटाएवढा पिवळा कवडसा पाटलांच्या पोटावर येऊन पडला. डॉक्टरने त्या कवडशात टाके घालायला घेतले. बाईंचे हात भरून आले की कवडसा भिंतीवर जायचा, डॉक्टर "खाली!" म्हणायचा, आणि कवडसा परत यायचा. मला आत उभं राहून फक्त तो कवडसा दिसत होता, बाई दिसत नव्हत्या. सव्वा तास त्यांनी परात धरली. मी पुष्कळांना पुष्कळ गोष्टी फुगवून सांगितल्या आहेत. हा सव्वा तास मी एका मिनिटानेही फुगवलेला नाही.

रक्ताची एक बारीक शीर कुठेतरी उघडी राहिली होती. डॉक्टर ती बोटांनी चाचपडत शोधत होता. सापडली असं त्याला वाटलं. पोट शिवलं. बाहेर आला तेव्हा त्याने मला पाहिलं आणि हात धुवायला गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटील गेले. शुद्धीवर आले होते थोडे. पाणी मागितलं, आणि बैलांना चारा टाकला का म्हणून विचारलं. मग पांढरे पडत गेले. डॉक्टर म्हणाला, आत रक्त साचलं. नाला तोवर उतरला होता. अनसिंगहून तेलाचं पिंप गाडीत घालून आणणारा गडी आणि पाटलांना नेणारे लोक गावाच्या वेशीत समोरासमोर आले. गाडी बाजूला घेतली.

तेराव्यापर्यंत मी तिथेच राहिलो. कोणी मला जा म्हणालं नाही, कोणी काही विचारलंही नाही. गावाने सगळा दोष पुराला दिला; पूर नसता तर पाटील वाशीमला गेले असते, आणि तेही खरंच होतं. मोटकरी बुढा रोज सकाळी माझ्यापुढून बैल घेऊन विहिरीवर जायचा. त्याने एकदाही ती गोष्ट काढली नाही. मी त्याला जे बोललो होतो ते माझ्या कानात होतं, त्याच्या कानात होतं की नाही माहीत नाही.

चौदाव्या दिवशी मी सामान बांधलं आणि पाटलीणबाईंना सांगायला गेलो. त्या बॅटरीच्या खोलीतच होत्या. गडीमाणसं तेजाबाला भ्यायची, म्हणून ती खोली पहिल्यापासून त्या स्वतः झाडायच्या. त्या दिवशीही झाडत होत्या. बरण्या तशाच उभ्या, तळाशी चार बोटं गाळ.

मी दारात उभा राहिलो आणि सगळं एका दमात बोललो. वाटेत एकही गोष्ट जोडली नाही. बरणीत किती बिजली आहे हे एका काचेच्या नळीने कळायचं. जिभेने काही कळत नसे, ते सोंग होतं. नळी नागपंचमीला फुटली. मी कोणाला सांगितलं नाही. म्हणून त्या दिवशी पाच तास म्हणालो ते हवेतले होते, काकी.

त्यांनी झाडू थांबवला नाही. कचरा उंबऱ्याशी आणला, सुपलीत भरला, मग माझ्याकडे पाहिलं.

"नळी फुटली ते मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "काचा मीच उचलल्या. मले वाटलं, तुले तं जीभ हाये."